घरातलं चौथं माणूस

"आपल्या घरात माणसं किती?" अज्जांनी विचारलं.

राजी वैतागली. अकरा वर्षांच्या मुलीला विचारायचा हा प्रश्न होता का? आई, अज्जा आणि ती स्वतः. तीन.

"चार," अज्जा म्हणाले. "चौथ्याला पोट नाही, पाय नाहीत. पण त्याच्या नावावर वस्तू आहेत, ते कर भरतं आणि त्याच्यावर दावाही लावता येतो. ओळख."

अज्जा म्हणजे आईचे वडील. जन्मभर वेधशाळेत तारे मोजलेला माणूस, त्यांना कोड्यांशिवाय बोलताच येत नसे. एरवी राजीला ते आवडायचं. पण गेले नऊ दिवस त्या घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

राजीची आई सुवर्णा सोलापुरात जमिनीखालच्या नळांच्या दुरुस्तीची कंत्राटं घेई. नळात शिरून गळती शोधणारे पाच चिमुकले यंत्रमानव आणि चार कामगार, एवढीच तिची लिमिटेड कंपनी. गेल्या महिन्यात एका सोसायटीत बसवलेला सांधा निसटला, तळघरात पाणी भरलं, आणि नऊ दिवसांपूर्वी सोसायटीने मागितलेली भरपाई कंपनीकडे होतं नव्हतं त्याहून जास्त निघाली. वकीलबाईंनी बजावलं होतं की एरवी घराला धक्का लागणार नाही, पण घरचे आणि कंपनीचे पैसे एकत्र कालवलेले दिसले तर समोरचे म्हणतील, ही कंपनी नुसती नावाला आहे. मग हे घरही ओढलं जाईल, गच्चीवरच्या अज्जांच्या दुर्बिणीसकट.

सुनावणी सोमवारी. आणि नेमकं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ते बंद करून टाकलं होतं. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

मग आईने नवी सॉफ्टवेअरं आणून बघण्याचा सपाटा लावला. एक दर पावतीला टाळ्या वाजवी. एकाला मराठी पावती वाचताच येईना. गाळून गाळून शनिवारी दुपारी तीन उरली, 'झटपट', 'सर्वज्ञ' आणि 'नेमका'. तिन्ही भिंतीतल्या स्पीकरमधून बोलत. आईने तिघांनाही वर्षभराच्या त्याच पावत्या दाखवल्या.

झटपटने चहा निवायच्या आत सगळं जुळवून दिलं. सर्वज्ञने वर रंगीत आलेखही काढले. नेमका मात्र चाळिसाव्या पावतीवर अडून बसला.

"ही लाल सायकल कोण चालवतं?" त्याने विचारलं.

"माझी मुलगी," आई म्हणाली.

"त्या कंपनीत कामाला आहेत का?"

"ती सहावीत आहे."

"मग कंपनीने ही सायकल का घेतली?"

आईचा पारा चढला. "कंपनी माझी, पैसे माझे, पोरगी माझी! तुला काय करायचंय?" आणि ती नेमकाला काढून टाकायला उठली. राजीलाही तो उंटावरचा शहाणाच वाटला. सायकल तिच्या वाढदिवसाची होती.

"थांब सुवर्णा," अज्जा म्हणाले. "बाकीच्या दोघांनी सायकल कुठे लिहिली ते आधी बघ."

झटपटने ती 'कामाची वाहने' या सदरात घातली होती. सर्वज्ञने 'कामगार कल्याण'मध्ये. राजीने दोन्ही वाचलं. सोमवारी कुणी ही पावती पाहिली तर?

"अज्जा, ते चौथं माणूस म्हणजे कंपनी ना?"

अज्जांनी मान डोलावली. मग त्यांनी सावकाश समजावलं. कंपनी ही कायदेशीर व्यक्ती असते (म्हणजे हाडामांसाची नसूनही कायदा जिला वेगळं माणूस मानतो ती). तिचा खिसा वेगळा. आई तिची मालकीण खरी, पण त्या खिशातला पैसा आईचा नव्हे. म्हणूनच तर मर्यादित दायित्व मिळतं (म्हणजे कंपनीच्या देण्याची झळ तिच्या खिशापाशी थांबते, मालकाच्या घराला लागत नाही).

"मध्ये भिंत आहे म्हण," अज्जा म्हणाले. "पण आपणच तिला भोक पाडून हात घालायचा, आणि घेणेकरी आला की भिंतीकडे बोट दाखवायचं, हे चालत नाही. झटपट आणि सर्वज्ञ भोक बुजवत नाहीत, त्यावर कॅलेंडर लावतात."

आई परत खाली बसली. मग तिने नेमकाला विचारलं, "आता काय करू?"

सायकलीची किंमत स्वतःच्या खात्यातून कंपनीला परत करा, तो म्हणाला, आणि तारीख आजची घाला. मागची तारीख तो घालणार नव्हता. वकीलबाईंनीही फोनवर तेच सांगितलं: चूक दिसू दे, सुधारलेलीही दिसू दे.

संध्याकाळपर्यंत नेमकाने आणखी अठ्ठावीस प्रश्न विचारून आईच्या नाकी नऊ आणले. पण त्यातूनच निघालं की ड्रिलची पाती आईने तीनदा स्वतःच्या पर्समधून आणली होती, म्हणजे ते पैसे कंपनीच आईला देणं लागत होती. ही देवघेव संचालक खात्यात गेली (म्हणजे कंपनी आणि तिला चालवणारं माणूस यांच्यातल्या देण्याघेण्याच्या वहीत). घर भिंतीच्या या बाजूला, कंपनी त्या बाजूला. सोमवारी दाखवायला आता काहीतरी खरं होतं.

"उद्या चंद्रावर नळ टाकणाऱ्या कंपन्या निघतील," अज्जा म्हणाले, "त्यांनाही हीच भिंत लागेल."

आईने झटपट आणि सर्वज्ञला निरोप दिला. मग राजीला म्हणाली, "जा, सायकलवरून दूध घेऊन ये. आणि येताना कामासाठी वॉशरचं पाकीटही आण."

राजी दारातच थांबली. "सायकल आता माझी ना?"

"हो बाई, तुझी."

"आणि वॉशर कंपनीचे?"

"कंपनीचे."

"मग कंपनीने मला सायकलचं भाडं द्यायला हवं."

आईने कपाळावर हात मारून घेतला. भिंतीतून नेमका म्हणाला, "मागणी रास्त आहे. येताना पावती आणा."