पाच तारे, एक अंडं

त्यांची पहिली भेट एका अंड्यावरून झाली, आणि तीही भांडणाने.

तैवानच्या कीलुंगमध्ये त्या दिवशी पाऊस होता. यात विशेष काही नव्हतं. कीलुंगमध्ये पाऊस नसला, की लोक काळजीने एकमेकांना फोन करतात. बंदरामागच्या गल्लीत लो यांचं मासळीच्या गोळ्यांच्या सूपचं दुकान आहे. रुओयू आडोशाला म्हणून त्याच्या पत्र्याखाली शिरली, आणि शिरलोच आहोत तर, म्हणून सूप मागवून बसली. भिंतीवर नवी पाटी होती : 'पाच तारे द्या, अंडं घ्या.' फोनवर दुकानाला पाच तारे द्यायचे, ते मालकाला दाखवायचे, की मसाल्याच्या रसात मुरलेलं तपकिरी अंडं फुकट तुमच्या वाटीत. हल्ली निम्म्या गावात हेच चाललं होतं.

"मॅडम, तारे दिलेत?" वाटी ठेवता ठेवता तरुणाने विचारलं. त्याच्या कपाळावर कोथिंबिरीसारखं काहीतरी चिकटलं होतं.

"अजून एक घोटही घेतला नाही मी."

"लोक आधीच देतात. अंडं गरम मिळतं."

"आणि सूप वाईट निघालं तर?"

"तर अंडं तरी असतं ना!"

रुओयूला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. "मला अंडं विकत द्या."

"विकत?" तो खरोखरच गोंधळला. "महिन्याभरात कुणी विकत घेतलेलं नाही हो. थांबा... भाव बाबांना विचारून येतो."

आता तिचा राग समजायचा, तर तिचा उद्योग सांगायला हवा. रुओयू दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. काच बदलायची आणि विचारायची : पहिलं बरं, की दुसरं? संध्याकाळी हाच प्रश्न ती गावाला लावायची. फोनवर 'ओली चप्पल' या नावाने तिने चार वर्षांत दोनशेच्या वर उपाहारगृहं, बार आणि दुकानं तपासली होती, आणि एकालाही पाच तारे दिले नव्हते. घाटाजवळच्या बारबद्दल : 'दारू चांगली. गाणीही चांगली असतील, पण ती मालक स्वतः म्हणतात. दोन तारे.' छत्र्यांच्या दुकानाबद्दल : 'छत्री पहिल्या वाऱ्यात उलटली. दुकानदाराने दुसऱ्या वाऱ्यात ओळख दाखवली नाही. एक तारा.' आणि लो यांच्याबद्दल, गेल्या वर्षी : 'सूप प्रामाणिक. मिरपूड फार. मालक बोलत नाहीत, त्यामुळे पचन चांगलं होतं. तीन तारे.' ओली चप्पल कोण, हे तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी तो सूपवाला तरुण चष्म्याच्या दुकानात हजर! छीवेन लो, वय तीस, तक्रार : दूरचं दिसत नाही.

तिने त्याच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली. "पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं."

"मी काच बदललीच नव्हती."

"हो, पण तुम्ही जरा जवळ आलात."

रुओयूने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. "डोळे ठणठणीत आहेत. खरं काम बोला."

"त्या दिवशी तुम्ही अंडं विकत घेतलंत..." तो चौकटीआडून म्हणाला. "गावात असं माणूस आहे म्हटल्यावर नीट बघावंसं वाटलं. आणि—एक विचारायचं होतं. ओली चप्पल म्हणून कुणीतरी फोनवर मतं लिहितं. तुमच्यासारखंच नाक वर करून. ओळखता?"

रुओयूच्या हातून काच पडता पडता राहिली. "का हो?"

मग त्याने सगळं सांगितलं. हिवाळ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. छीवेन तायपेईची नोकरी सोडून आला. पण लो काका त्याला पळीला हात लावू देईनात. त्याने फक्त मासळी कुटायची, सेलरी चिरायची आणि वाट्या नेऊन ठेवायच्या. पाटी त्याचीच कल्पना. तारे धो धो आले, तसे काका आणखीच चिडले.

"म्हणाले, हे सगळे अंड्याचे तारे. ओली चप्पल पाच देईल, त्या दिवशी पळी तुझी. सातवा महिना लागायच्या आत. नाहीतर जागा साबुदाण्याच्या मोत्यांचा चहा विकणाऱ्यांना देतो, तू तायपेईला जा."

जुन्या पंचांगातला सातवा महिना भुतांचा. त्या महिन्यात कीलुंगमध्ये कुणी नवा खिळासुद्धा ठोकत नाही. तो लागायला चौदा दिवस होते.

"आणि तिने नाही दिले तर?"

"तिने? बाई आहे कशावरून? मला तर कुणी निवृत्त मास्तर वाटतो. बद्धकोष्ठाचा."

रुओयूने एकच काच फार वेळ पुसली.

त्यानंतर ती संध्याकाळी तिथे जाऊ लागली. दुकानाला योग्य संधी द्यावी, एवढाच हेतू, असं तिने स्वतःला तीन वेळा बजावलं. तो रोज वाटी ठेवायचा आणि विचारायचा, "कालचं बरं, की आजचं?" ती सांगायची : मिरपूड कमी करा. सेलरी बारीक चिरा. गोळा दातांना थोडा तरी विरोध करू दे. तो काकांची पाठ वळली की हळूच पळी उचलायचा, आणि दुसऱ्या दिवशी सूपने ते ऐकलेलं असायचं. मग तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा. एकाच छत्रीत. घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात यायचं, की आपण अगदी कोरड्या आहोत... आणि त्याचा डावा खांदा रोज भिजलेला असतो.

अकराव्या वाटीला घोटाळा झाला. सूप सुंदर लागलं. तिने नीट बघितलं, तर तो समोर उभा होता, बाह्या वर केलेल्या. आता सूप सुंदर होतं की बाह्या? शास्त्रशुद्ध तपासणीसाठी तिने बारावी वाटी बांधून घेतली आणि घरी एकटीने उघडली. झाकणावर त्याने लिहिलं होतं : 'गरम आहे, जपून.' झालं! तेही सुंदर लागलं.

दोन दिवस उरले होते. रुओयूने फोन उघडला, पाच तारे पिवळे केले. एक बोट दाबलं, की तो राहणार होता. पण ओल्या चपलेने कधी खोटं लिहिलं नाही, म्हणून तर म्हातारा तिचं ऐकत होता. उद्यापासून छीवेन रोज पहाटे पळी उचलणार, ते रुओयूच्या डळमळीत जिभेच्या जोरावर? तिने पाचही पुसले. मग जुने तीनही पुसले. आणि खूप वेळाने चार ओळी लिहून, डोळे मिटून, बोट दाबलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती निरोप घ्यायच्या तयारीने गेली. दुकान भरलेलं. सहसा तोंड न उघडणारे लो काका डाव्या हातात फोन लांब धरून उभे होते, आणि मोठ्याने वाचत होते :

"'जुने तीन तारे परत घेत आहे. नवे देत नाही. बारा वाट्या खाल्ल्या. सूप सुधारलं आहे असं जीभ म्हणते, पण जिभेवर माझा विश्वास राहिलेला नाही. वाटी आणून देणाऱ्यावर माझं मन बसलं आहे. अशा गिऱ्हाइकाचं मत कुणी धरू नये. —ओली चप्पल.'"

"तीनही गेले?" छीवेनचा चेहरा उतरला. "बाबा, तो मास्तर—" आणि तो थांबला. बारा वाट्या. त्याची नजर सावकाश दाराशी गेली. आधी तिच्या चेहऱ्यावर, मग खाली. चपलांमधून पाणी निथळत होतं.

"मला... चष्मा लागतोय," तो म्हणाला.

"ठणठणीत आहेत म्हणाले होते ना मी."

"मॅडम, चुकीचं तपासलंत."

मधल्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, "अहो लो, पाच नाहीच मिळाले की!"

"नाहीत," लो काका म्हणाले. "पाच तारे लोक अंड्यावर देतात. ही पोरगी दिलेले तीन परत घेऊन गेली, आणि स्वतःचीच लाज चव्हाट्यावर टांगून गेली. ज्याच्या सूपावर असल्या गिऱ्हाइकाचा जीव जडला, त्याला तायपेईला पाठवायला मी काही वेडा नाही." फोन खाली ठेवून त्यांनी डाव्या हाताने पळी पुढे केली. "धर. आणि मिरपूड चोरून कमी करू नकोस, समोर कर. मला कळत नाही असं वाटतं याला!"

छीवेनने पळी घेतली. पहिली वाटी भरली, तिच्यापुढे आणून ठेवली. वाटीत मधोमध तपकिरी अंडं होतं.

"मी तारे दिलेले नाहीत," रुओयू हळूच म्हणाली.

"पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे," तो म्हणाला. "घरच्यांना कुणी विचारतं का?"

तिने मान खाली घालून अंड्याचा तुकडा तोडला. अंडं किंचित खारट होतं. तिने तसं सांगितलं. मग सूपचा घोट घेतला, आणि वाटी रिकामी करूनच खाली ठेवली.