पार्सल बंद

दुपारचा एक. गोंडपिपरी बसस्टँडसमोरचं माझं भोजनालय. आत सहा टेबलं रिकामी, बाहेर पार्सलसाठी नऊजण उभे.

त्यांना ओलांडून तो आत आला. काखेत कागदांचा गठ्ठा, खांद्यावर मोहाचं एक फूल अडकलेलं... त्याला पत्ताच नाही.

"मी प्रफुल्ल. कॉलेजचा सर्वे करून राह्यलो. लोक जेवाले कोणतं हॉटेल काऊन निवडतात?"

"अजी सर्वेवाले, आधी जेवा. मंग विचारा."

प्रश्न १ : ग्राहक हॉटेल कसे निवडतात?

"आत माणसं दिसली का बसतात. रिकामं दिसलं का पुढं जातात."

प्रश्न २ : मग इथली गर्दी बाहेर का?

"हा फारमात हाय?"

"नाई... मलेच पडला."

मी पाटीकडे बोट केलं. साधना रामटेके भोजनालय.

"आडनाव वाचतात. मासोळी माह्या हातची पाहिजे, पण इथी बसलेलं कोणी पाहू नये. झाकून घरी नेतात."

त्याचा घास हातातच राहिला. "मंग पाटीवर नुसतं 'साधना' लिहा ना. लोक बसतील."

"तुमी पुसाल तुमचं आडनाव?"

तो कानापर्यंत लाल झाला. मी त्याच्या खांद्यावरचं फूल उचललं — उगाच.

तो रोज येऊ लागला. खिडकीजवळ बसायचा.

"सर्वे सरला नाई का अजून?"

"एक फारम बाकी हाय."

"कोणाचा?"

"सांगतो ना..."

मग मी खडूने दारावर लिहिलं : पार्सल बंद. बसून जेवा.

आई म्हणाली, "हॉटेल बुडवतं का, पोरी?"

आठ दिवस तो एकटाच गिऱ्हाईक.

नवव्या दिवशी रस्त्यापलीकडून हाक आली. केवळरामभाऊ! तलावाची मासोळी रोज सकाळी मागच्या दाराने मला देणारे, पण इथं कधी न जेवलेले. प्रफुल्लचे वडील.

"प्रफुल्ल! जेवण बांधून घे अन् घरी चाल!"

बसस्टँड आमच्याकडे बघत होतं.

प्रफुल्ल उठला. संपलं, मला वाटलं. त्याने टेबल धरलं आणि ओढत ओढत थेट दारात आणलं.

"बाबा, पार्सल बंद हाय. या, बसा."

मग माझ्याकडे वळून, हळूच — "दोन ताटं वाढ, साधना. तूही बस."

पहिल्यांदाच 'तू'.

त्याने तो उरलेला फॉर्म पुढे सरकवला. त्याचाच. पूर्ण आडनावासकट.

प्रश्न १ : हे हॉटेल का निवडले?
उत्तर : पाटी वाचून.

"आता घरी काय म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणतील ते म्हणतील. तू काय म्हणतं?"

मी त्याच्या ताटातल्या मासोळीचा काटा काढला आणि घास माझ्या तोंडात टाकला. सगळ्यांसमोर.

केवळरामभाऊ सायकल धरून उभेच. येईनात. जाईनात.

मी तिसरं ताट वाढलं. रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. न झाकता.