काकूंची फुंकर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्ये कोणी बोललं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. ही गोष्ट माझ्या दोस्ताची. तो इस्पितळात नर्स आहे, सगळा वॉर्ड त्याला ब्रदर म्हणतो. मढ्याशेजारी बसून निवांत डबा खाणारा गडी. त्याच्या तोंडून ऐकलं नसतं, तर मीही हसलो असतो.

मागच्या फेब्रुवारीतला शनिवार. रात्रीचे सव्वाअकरा. त्याच्या वॉर्डातले जुने पेशंट टेलरकाका, त्यांच्या मुलीचा फोन आला, घरच्या ऑक्सिजनच्या मशीनची नळी चिरली आहे. ब्रदरची ड्यूटी नुकतीच सुटली होती. नवी नळी घेऊन तो त्यांच्या घरी गेला, तिसऱ्या मजल्यावर.

काकांची फुप्फुसं बिड्यांनी पार खाल्लेली. धाप लागली की काय करायचं, ते वॉर्डात ब्रदरनेच शिकवलं होतं. पुढे वाकून बसायचं, नाकाने श्वास घ्यायचा आणि चहा गार करतो तशी हळू, लांब फुंकर घालत सोडायचा. काका कसले ऐकतात! शिकल्या त्या काकू. रोज रात्री त्या काकांना चिकटून बसायच्या, स्वतः फुंकर घालायच्या, आणि काका त्यांच्या तालावर श्वास घ्यायचे. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये काकूच गेल्या. झोपेत.

ब्रदरने नळी बसवली आणि तेवढ्यात दिवे गेले. मशीन बंद पडलं.

"खालच्या दादांकडे सिलिंडर ठेवलाय, त्यांना उठवून घेऊन येते," म्हणत मुलगी मोबाईलच्या उजेडात जिना उतरली.

काकांना धाप लागली. शब्द फुटेना.

"काका, फुंकर घाला. माझ्याबरोबर."

जमेना. काकांचे हात गार पडायला लागले.

मग फुंकर ऐकू आली.

पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूने. हळू... लांब...

काका त्या तालावर आले. धाप बसली. ब्रदरला वाटलं, आपलाच श्वास असेल. त्याने श्वास रोखून धरला.

फुंकर चालूच.

"आलीस?" काका म्हणाले.

फुंकर आणखी लांबली. काकांचीही लांबली. मग मध्येच थांबायला लागली... काकाही थांबले. पुन्हा एक. मग बराच वेळ काहीच नाही...

तेव्हा ब्रदरला कळलं. काकू त्यांना न्यायला आल्या होत्या.

त्याने काकांना खांदे धरून गदागदा हलवलं. "माझं ऐका! घ्या... सोडा... घ्या!"

"सोड रे मला..."

ब्रदरने सोडलं नाही. घसा बसेपर्यंत ओरडत राहिला. अंधारात इकडे तो. तिकडे ती फुंकर. मध्ये काका...

दिवे आले. मुलगी आणि दादा सिलिंडर घेऊन दारात. काका घामाने निथळत होते, पण श्वास चालू होता. मुलगी बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. काका मात्र ब्रदरकडे असे बघत होते, की त्याला मान वर करवेना.

सगळं शांत झाल्यावर त्याने स्टेथोस्कोप काकांच्या छातीला लावला.

"ठोके ऐकू द्या, काका. जरा श्वास रोखा."

काकांनी रोखला. तोंड मिटलेलं. छाती हलायची थांबली.

ब्रदरच्या कानात फुंकर चालूच होती. हळू... लांब...