लाल फलालिनीची गाठ

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. मानायचं नसेल तर सोडून द्या, मला कोणाची समजूत घालायची नाही. माझ्या आजीचं नाव यात खराब होतं. स्वतःच्या आजीचं नाव कोणी उगाच खराब करत नाही.

तारीख १४ नोव्हेंबर २०१७. मंगळवार. दुपारचे साडेतीन.

जागा, टायवी नदीच्या खोऱ्यातली आमची लोकरीची गिरणी. तिचं नाव वेलिन वेर्न.

गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. गावाने तिच्यावर पुस्तिका काढायची ठरवली. गिरणी, विणकर, त्यांची घराणी. समितीच्या ग्लेनिसबाईंनी काम माझ्या गळ्यात घातलं. मी निवृत्त मास्तरीण, म्हणजे मला वेळच वेळ, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं.

"एलुनेड, गोड लिही हं," ग्लेनिस म्हणाली. "आणि ते टेगवेनचं प्रकरण एका ओळीत उरक."

टेगवेन म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण.

ते प्रकरण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फेब्रुवारी १९३१. टेगवेनने पाण्याचं दार उघडलं. मोठं चाक फिरलं. चाकाच्या खड्ड्यात एमरिस वंगण घालत होता. एमरिस तिचाच होणारा नवरा.

तिने बघितलंच नाही म्हणे. निष्काळजी बाई.

चॅपेलने, म्हणजे गावच्या प्रार्थनामंडळीने, तिला काढून टाकलं. पुढे तेहतीस वर्षं ती नदीपलीकडे एकटी राहिली. ती समोरून आली की आई मला रस्ता ओलांडायला लावायची. मी ओलांडायचे. एकदा तर जीभ काढून दाखवली होती. आठ वर्षांची होते मी, पण ते विसरता येत नाही.

तर त्या मंगळवारी मी गिरणीचे फोटो काढत होते. एकटीच. सगळे माग भंगारात गेलेले. वारा नाही. पाखरूसुद्धा नाही.

आणि तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

आवाज खालून आला. चाकाच्या खड्ड्यातून.

मला वाटलं, गावातलं कोणी असेल. वाकून पाहिलं. खड्ड्यात नुसत्या काटेरी वेली. चाकाचे निम्मे आरे कुजून पडलेले.

कोणी नव्हतं.

पाण्याच्या दाराशी गेले. दाराला लोखंडी दांडा आहे, तो वर ओढला की पाटातलं पाणी चाकावर पडतं. पण पाटात पाणीच नाही. त्यात माझ्या कमरेएवढी खाजकुयली.

दांडा मात्र...

ओला होता. पाणी ठिबकत होतं.

आणि दांड्याला एक गाठ होती. लाल कापडाची, करकचून मारलेली, सुपारीएवढी. बाकीचं कापड नव्हतंच. नुसती गाठ.

का कोण जाणे, मी ती ओरबाडून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. नखं दुखली. तिथून निघाले ते सरळ विलच्या घरी.

विल एकोणनव्वद वर्षांचा. गिरणीचा शेवटचा विणकर. मागांच्या खडखडाटाने दोन्ही कान गेलेले, पण समोरच्याच्या ओठांवरून सगळं वाचतो. मी ठोक्यांचं सांगितलं. गाठीचं नाही.

"तीन?" त्याने विचारलं.

"तीन."

त्याने कप खाली ठेवला.

"तीन म्हणजे, मी आत आहे, दार उघडू नका. आमची रीतच होती ती. खड्ड्यात उतरायच्या आधी दांड्याला लाल फडकं बांधायचं. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, देव आला तरी. वर दाराशी पावलं वाजली की आतून तीन ठोके."

"मग एमरिसने ठोकले नाहीत?"

"त्या दिवशी नदीला लोंढा आला होता. कोणाला ऐकू जाणार? माझा बाप तिथे होता. दांड्याला फडकं नव्हतं, हे त्याने स्वतः पाहिलं."

"म्हणजे टेगवेनचा दोष नव्हता."

"बाप चॅपेलमध्ये बोलला नाही. मालकाच्या खोलीत राहायचा ना, आणि मालकाला गिरणीवर ठपका नको होता." विलने क्षणभर तोंड फिरवलं. "चॅपेलमध्ये टेगवेनने एकच वाक्य सांगितलं होतं. गाठ होती, फडकं नव्हतं. लोक हसले. फडक्याशिवाय गाठ कशी राहील? मग तिला काढायचं की नाही, त्यावर हात वर झाले."

"सगळ्यांचे?"

"तुझ्या आजीचासुद्धा. मांडीवर तुझी आई होती, तान्ही. म्हणून तिने डावा हात वर केला. बाप नेहमी सांगायचा."

मी घरी आले. खिशात हात घातला. गाठ अजून ओलीच होती. खिसा भिजून काळा पडला होता.

आणि मला आईची पेटी आठवली.

आईला वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली होती. पेटीत लाल फलालिनीचा एक तुकडा आहे. आमच्या घरचा देवच तो. १९३१च्या थंडीत आईच्या छातीत कफ भरला. तीन महिन्यांचं पोर, डॉक्टरने आशा सोडली. हॅना आजीने छातीला हंसाची चरबी चोळली, वर लाल फलालीन बांधली, आणि पोर वाचलं. आमच्याकडे तोच उपाय. फलालीन लालच हवी, राखाडी चालत नाही. आणि आमची गिरणी तर राखाडी ब्लँकेटंच विणायची. मग लाल आली कुठून, हे शहाऐंशी वर्षांत कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तुकडा काढला. एक कोपरा फाटलेला.

त्यावरचे काळे डाग मी जन्मभर चरबीचे समजत होते. नाकाशी नेला. चरबी कसली... चाकाचं वंगण होतं ते.

मी गाठ फाटल्या कोपऱ्याला लावली.

धाग्याला धागा जुळला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन आईकडे गेले. सत्त्याऐंशीची आई खिडकीशी बसून चहात केक बुडवून खात होती. मी दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने फडक्याकडे पाहिलं नाही. गाठीकडेच बघत राहिली.

"ही कुठे मिळाली तुला?"

"दांड्याला."

"शक्य नाही. आईने रात्री जाऊन सोडली होती ती. नखं तुटली तिची. नदीत टाकली होती."

म्हणजे तिला माहीत होतं.

"आई, तुला कधी कळलं?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी. आईनेच सांगितलं. मी घरी खोकून निळी पडले होते. आई गिरणीतून पळत निघाली, वाटेत दांड्यावर लाल दिसलं. गाठ सुटेना, म्हणून फाडलं. एमरिस वर आला असेल असं वाटलं तिला. परत आणून बांधणारच होती."

मी हिशेब केला. लग्न १९५४चं. टेगवेन गेली १९६४ला.

"म्हणजे मला रस्ता ओलांडायला लावायचीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"म्हणून तर लावायचे. तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही मला."

"एकदा बोलली असतीस तर?"

"आणि मग? माझ्या आईला काढलं असतं चॅपेलमधून. टेगवेनला कोण होतं? ना मूल, ना बाळ. एकट्या बाईला सोसायला सोपं जातं." तिने चहाचा घोट घेतला. "गाडलेली मढी उकरू नकोस, एलुनेड. मी आहे तोवर तरी नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

होय, दिला. मी कोणी मोठी शूर लागून गेले नाही. आमच्या घरात गप्प बसणं आईच्या दुधातूनच येतं.

डिसेंबरमध्ये पुस्तिका निघाली. त्यात एक ओळ आहे. 'टेगवेनच्या निष्काळजीपणामुळे एक दुर्घटना घडली.' खाली माझं नाव. ग्लेनिसने चॅपेलमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विलने वाजवल्या नाहीत.

जानेवारीच्या अकरा तारखेला वृद्धाश्रमातून फोन आला. आईच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं.

मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथली नर्स जरा घुटमळत होती.

"ताई, दोन दिवस त्या पलंगाच्या दांडीवर ठोकत होत्या. कप उचलायची ताकद नव्हती हातात, पण ठोकायच्या. तीनदा. थांबायच्या. परत तीनदा. काय हवंय विचारलं, तर सांगता येईना."

मी पलंगाच्या दांडीवर हात ठेवला.

"आणखी एक. त्यांच्या छातीला ते लाल कापड तुम्ही बांधलं होतं का? आज साडेतीनला पाहिलं तर होतं. ओलंचिंब. गाठ इतकी करकचून बसलेली की आमच्याच्याने सुटेना. त्या गेल्या, आणि ती आपोआप सुटली..."

तिने पिशवी पुढे केली.

फलालीन होती. तेच काळे डाग. पण कोपरा फाटलेला नव्हता. फडकं सबंध होतं.

घरी येऊन पेटी उघडली. तुकडा नव्हता. गाठही नव्हती.

आता आई नाही. दिलेला शब्द संपला. मी ते पान नव्याने लिहून ग्लेनिसला दिलं, आजीच्या नावासकट. ती म्हणाली, "आता गेलेल्यांना काय फरक पडतो?" पान तिच्या टेबलाच्या खणात आहे. तीन वेळा विचारलं. दरवेळी म्हणते, बघू.

टेगवेनच्या थडग्यावर जाऊन आले. माफी मागितली. तिथे काहीच झालं नाही. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

फडकं माझ्याकडे आहे. कितीही वाळवलं तरी वाळत नाही.

आणि रोज दुपारी साडेतीनला स्वयंपाकघरात, मोरीखालून...

ठक. ठक. ठक.

त्या वेळी मी नळ उघडत नाही. चहाचं आधण ठेवायचं असलं तरी नाही. शेजारीण हसते, म्हणते, म्हातारी झालीस. मी नळाला ते लाल फडकं बांधते आणि खुर्चीत बसून राहते.

पण बांधणारी मी असले तरी, रोज चार वाजता ते सुटून खाली पडलेलं असतं. मी सोडलेलं नसतं.