पणतीमागचा काळोख

“उडव तो फोटो! नुसता काळोख आलाय!” ललित ओरडला.

“थांब रे! रुपाचा आहे तो!” जागृतीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

दिवाळीच्या सुट्टीत ती शहाद्याजवळ मामाच्या गावी आली होती. ललित हा मामांचा मुलगा. दोनच वर्षांनी मोठा, पण ऐट अशी की गाव जणू त्यानेच वसवलंय! दोघांनी फोटो लावायचं-सुधारायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी ललितने त्यावर मामांच्या खाटेवर पट्टेरी वाघ बसवला आणि अख्ख्या गल्लीला हसवलं. मामांना काही ते रुचलं नाही.

आजचं काम मात्र शहाण्यासारखं होतं. मामांच्या शेतात ऊसतोडीला सातपुड्यातून कालीबाई आली होती. तिच्याकडे तिच्या चार वर्षांच्या मुलीचा, रुपाचा, एकही फोटो नव्हता. तो द्यायचं जागृतीने कबूल केलं होतं.

काल तिन्हीसांजेला काढलेल्या त्या फोटोत रुपा हातात पणती धरून हसत होती. मागे सगळा अंधार. जागृतीने सावल्या उजळायची पट्टी हळूहळू सरकवली. उसाची पाती दिसू लागली. पात्यांत दोन पिवळे ठिपके दिसले.

“काजवे!” ललित म्हणाला.

तिने पट्टी आणखी सरकवली. ठिपक्यांच्या वर दोन कान दिसले. खाली मिशा.

जागृती झटकन मागे सरकली. पालीला घाबरणारी पोर ती! “ल... ललित, बिबट्या!”

ललितची ऐट कुठल्या कुठे पळाली. “सगळे फोटो तारखेवार लाव,” तो पुटपुटला. परवाच्या एका फोटोतही, दूर विहिरीजवळच्या उसात, तेच डोळे होते. ऊस तुटत गेला तसा बिबट्या मागे सरकत होता. आता शेवटचा पट्टा उरला होता. दुपारची भाकरी झाली की मजूर तोच तोडायला घेणार होते, आणि रुपा त्याच्याच कडेला खेळायची!

दोघं लॅपटॉप घेऊन धावतच ओसरीवर गेली. मामा खाटेवर लवंडले होते.

“मामा, उसात बिबट्या आहे!”

“त्या दिन मन्हा खाटवर वाघ बसाडा, आज ऊसमा बिबट्या बसाडा का?” मामा हसले. “कॉम्प्युटरवर काय बी बनस. जा, खेया!”

“अप्पा, वाघ मी चिकटवला होता. हा खरा आहे!” ललित रडकुंडीला आला. केलेल्या चेष्टेचं फळ असं समोर येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

जागृतीने लॅपटॉप मामांच्या मांडीवर ठेवला. “मामा, हा मूळ फोटो. सॉफ्टवेअर त्याला हात लावत नाही, बदल वेगळा ठेवतं. आता पट्टी तुम्हीच सरकवा!”

मामांनी हसत हसत पट्टी सरकवली. अर्ध्यावरच त्यांचं हसू थांबलं.

“माय वं!”

ते अनवाणीच धावले. मागे दोघं. “ऊसमा कोणी जाऊ नका!” मामा लांबूनच ओरडू लागले. मजूर थबकले. कालीबाईने कोयता टाकला आणि आजूबाजूला पाहिलं.

“रुपा कोठे शे?” तिचा आवाज चिरकला.

रुपा उसाच्या कडेला ओणवी होऊन आत डोकावत होती. जागृती तिच्या सगळ्यात जवळ होती.

“मांजर!” रुपा टाळ्या पिटत म्हणाली. “दोन बारकी मांजरं!”

पिल्लं! म्हणजे आई जवळच असणार! पळून जावं, असंच जागृतीला वाटत होतं. पण रुपाने एक पाऊल आत टाकलं आणि जागृतीने झेप घेऊन तिचा फ्रॉक पकडला, तिला उचललं. आतून खोल गुरगुर ऐकू आली. पाती हलली.

“पाठ फिरवू नको! धावू नको!” ललित दबक्या आवाजात म्हणाला.

डोळे उसावर ठेवून, रुपाला छातीशी कवटाळून जागृती एकेक पाऊल मागे आली. कालीबाईने दोघींनाही मिठीत घेतलं, तेव्हा कुठे जागृतीला हमसून रडू आलं.

मामांनी फोन केल्यावर वनरक्षक करणसिंग आले. त्यांनी तोड थांबवली आणि सगळ्यांना लांब ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर मादी पिल्लांना घेऊन निघून गेली होती. तिच्या पंजांचे ठसे नदीकडे गेले होते.

“शाब्बास, पोरांनो!” करणसिंग म्हणाले. “त्या पट्ट्यात कोयते घुसले असते, तर काय झालं असतं ते मला सांगवत नाही.”

“मन्ही चूक व्हयनी, पोरी,” मामा मान खाली घालून म्हणाले. “आणि ललित, तुन्हा वाघले आते सुट्टी दे!”

सगळे हसले. जागृतीने उजळलेला फोटो कालीबाईला दाखवला. फोटो पाहताच ती शहारली आणि तिने पडद्यावर हात ठेवला.

“हाऊ फोटो नको. माले पहिला काळाच दे,” ती म्हणाली. “त्यामा एकली मन्ही रुपा दिसस.”

जागृतीने मूळ फोटो उघडला. अंधारात पणती तेवत होती आणि रुपा हसत होती.

“बरं झालं, उडवला नाहीस,” ललित हळूच म्हणाला.