रुमालाखालचा हात

हसा, हसा. तुमच्या वयात मीही हसायचो. पण ही गोष्ट मला ज्याने सांगितली, त्या पुस्तकं बांधणाऱ्याला थापा मारणं जमायचं नाही हो. साधी थट्टा करायला गेला तरी मधेच स्वतः हसून मोकळा व्हायचा. ही सांगताना तो एकदाही हसला नाही.

तेरा वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. दोघे भाऊ होते, मला सांगणारा त्यातला धाकटा. खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर घर. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्याने धाकट्याला वाढवलं, हाताला धरून काम शिकवलं, त्याचा संसार थाटून दिला. स्वतः मात्र लग्न केलं नाही. धाकट्याला एकच मुलगी, सात वर्षांची. तोंडाची टकळी अशी की झोपेतसुद्धा थांबायची नाही. दिवसभर काकाला चिकटून बसायची, आणि काका एका हाताने सुई चालवत हूं हूं करत राहायचा.

त्या वर्षी घरावर एकामागून एक दोन घाव बसले. आधी थोरल्याची छाती गेली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. तीन आठवड्यांनी एका सकाळी मुलगी उठली, ती आवाजाविना. घसा तपासला, ठणठणीत. पण रडली तरी नुसतं पाणीच यायचं डोळ्यांतून.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी धाकटा बांधलेली रजिस्टरं पोचवायला दवाखान्यात गेला. तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने ती ताब्यात घेतली, पोरीची चौकशी केली आणि हळूच म्हणाला, "खाली बघितलंत का?"

"खाली म्हणजे?"

"चौकाखालचा भुयारी रस्ता. पाणी भरतं म्हणून बंद केलाय ना? पाणीबिणी काही भरत नाही तिथे. मंगळवारी रात्री बाजार भरतो. वर जे विकता येत नाही, ते सगळं खाली विकायला असतं. कोणाची झोप, कोणाची भूक. आवाजसुद्धा."

धाकट्याला वाटलं, याने कपाटातलं औषध स्वतःच घेतलेलं दिसतंय. पण बुडत्याला काडीचा आधार. त्याने विचारलं, "आणि किंमत?"

"रुमालाखाली ठरते. विकणारा पडद्याआड, फक्त त्याचा हात बाहेर. तुम्ही आपला हात रुमालाखाली घालायचा. एक बोट दाबलं की एक वर्ष."

"कसलं वर्ष?"

"आयुष्यातलं, दुसरं कसलं? कबूल असेल तर अख्खा हात घट्ट धरायचा. पण तोंडातून शब्द काढायचा नाही, रुमाल उचलायचा नाही. आणि सौदा होईपर्यंत हात मागे घ्यायचा नाही. घेतलात, तर माल गेला. कायमचा."

घरी येऊन त्याने बायकोला काही सांगितलं नाही. थोरल्याला सांगितलं. आजवर त्याच्यापासून त्याने काही लपवलंच नव्हतं. थोरला भिंतीला टेकून बसला होता. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाला, "जा. पोरीपुढे वर्षांचं काय घेऊन बसलास? मागतील तेवढं दे. घासाघीस करू नकोस." धाकट्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, भाऊ असावा तर असा.

पावणेबाराला तो चौकात पोचला. भुयाराचं शटर हातभर उघडं होतं. तो सरपटत आत शिरला आणि पायऱ्या उतरला.

खाली माणसंच माणसं. पण पावलांचा आवाज नाही. दोन्ही भिंतींना दोऱ्या, आणि दोऱ्यांना कागदाच्या पुड्या टांगलेल्या. लोक पुडी कानाला लावायचे, ऐकायचे, पुढे जायचे. शेजारून जाणाऱ्याकडे त्याने एकदाच वर बघितलं. डोकं होतं. चेहरा... असो. मग तो जमिनीकडे बघतच चालला.

किती पुड्या कानाला लावल्या, त्याला आठवत नाही. एकीत कोणी म्हातारी गुणगुणत होती. एकीत कोणीतरी कोणालातरी जेवायला हाक मारत होतं. आणि मग एकीत...

"बाबा, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

पोरीचाच आवाज. पुडीमागे काळा पडदा होता. पडद्यातून हात आला, आणि त्या हातावर रुमाल. धाकट्याने आपला हात आत घातला.

गार हात. पाच बोटं दाबली गेली. पुन्हा पाच. दहा वर्षं.

तो कबूल करणारच होता. तेवढ्यात त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. तर्जनीच्या आतल्या बाजूला आडवा घट्टा. मेणाचा दोरा ओढून ओढून पडतो तसा. तसा घट्टा त्याच्याही बोटाला होता. त्याने अंगठा चाचपला.

चपटा अंगठा. नख नसलेला.

धाकटा नऊ वर्षांचा असताना त्याचा हात पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये सापडत होता. थोरल्याने तो ओढून काढला, पण थोरल्याचा स्वतःचा अंगठा आत गेला. तो अंगठा धाकट्याने शंभरदा हातात घेतला होता. अंधारात ओळखला असता. अंधारातच ओळखला.

दादा...

ओरडता येईना. हात काढता येईना. पोरीचा आवाज समोर दोरीला लटकत होता.

मग तो हात हलला. धाकट्याच्या मनगटाकडे सरकला. तिथे उकळता सरस सांडून भाजल्याचा जुना डाग होता. त्याला मलम लावलं होतं तेही याच हाताने. बोट त्या डागावर थांबलं.

ओळखलं. त्यानेही ओळखलं.

धाकट्याला वाटलं, आता सोडेल. आता लाजेने तरी हात मागे घेईल. पुडी देईल. माझा दादा आहे तो...

हात थांबून होता. बराच वेळ.

मग त्याने बोटं दाबली. पाच. पाच.

आणि आणखी पाच.

मला सांगताना धाकटा इथे म्हणाला, "दहा मागितली होती हो. मी आहे हे कळल्यावर पंधरा केली. मी नाही म्हणणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

त्याने भावाचा हात घट्ट धरला.

घरी आला तेव्हा दाराला आतून कडी. बायकोने उघडलं.

"दादा कुठेय?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? झोपलेत. तुम्ही गेल्यापासून खोकत होते, दोनदा पाणी दिलं मी. आत्ताच कुठे खोकला थांबलाय."

पोरीच्या उशाशी बसून त्याने पुडी उघडली. आत काही नव्हतं, नुसता कागद. पोर कुशीवर वळली. "बाबा, तू कुठे गेला होतास?" बायको रडत सुटली. तोही रडला. कशासाठी किती रडला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी थोरला उठला, तो तरतरीत. खोकला नाही, गालांवर रंग. हात पसरून म्हणाला, "बोलतेस म्हणे! ये, काकाला ऐकव." पोर धावत त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि सुरू झाली. ओठ हलले. हातवारे झाले. मान डोलली. आवाज मात्र नाही. चकार शब्द नाही. तिला त्याचा पत्ताही नव्हता. थोरला उठून बाहेर गेला, आणि दाराबाहेर तो पडताक्षणी तिचं अर्धं वाक्य खणखणीत ऐकू आलं.

धाकट्याने भावाला कधी जाब विचारला नाही. मला ही गोष्ट सांगितली, त्यानंतर महिन्याभरात तो गेला. झोपेतच. सत्तेचाळीस वर्षांचा, अंगात साधा तापही नव्हता. त्याला दोन वर्षं झाली. थोरला अजून पुस्तकं बांधतो. पोरगी वीस वर्षांची आहे, एका ऑफिसात फोन घेते, म्हणजे बोलण्याचाच पगार. रोज संध्याकाळी खाली दुकानात काकाला डबा घेऊन जाते आणि समोर बसून दिवसभराचं सगळं सांगते. काका ऐकतो असं तिला वाटतं, कारण तो हूं हूं करत असतो.

गेल्या आठवड्यात मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. तिचे ओठ हलत होते, मधेच ती हसलीही. थोरला खाली मान घालून हूं हूं करत होता.

मलाही काही ऐकू आलं नाही.