शून्याचं बटण

आमच्याकडे कोणी पहिल्यांदा आलं की मी आधीच सांगून ठेवते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक फरशी सुटली आहे. पाय पडला की टक् वाजते, दचकू नका. ती सुटून इतकी वर्षं झाली की आता तीही घरातलीच झाली आहे. आमचे हे म्हणतात, "रविवारी बसवतो." रविवार काय, दर आठवड्याला येतो. मुलगी लहान असताना ओट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि नुसत्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायची. ह्यांचा आवाज जड, माझा जरा चोरटा.

हे भूगोलाचे शिक्षक होते. वर्गात नकाशा टांगून पोरांना वाळवंटं, खिंडी, पठारं फिरवून आणली, स्वतः मात्र शाळेच्या सहलीपलीकडे कुठे गेले नाहीत. "आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या," असं तेच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि एका डोंगररांगेवर बोट ठेवून म्हणाले, "इथून पलीकडे उतरायचं. दोघांनीच."

गाडी होतीच. आम्ही तिला धूड म्हणायचो. आठ माणसं बसतील अशी, चारही चाकांनी ओढणारी, दाराला खांदा लावल्याशिवाय न उघडणारी. सासू-सासरे, मुलगी, दीर-जाऊ, गाद्या, पिंप, एकदा तर शेजाऱ्यांचं कपाट, सगळं तिने वाहिलं. मग माणसं पांगली. म्हातारी माणसं गेली, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला लागली आणि धूड अंगणातल्या पत्र्याखाली उभं राहिलं. आता त्याच्या मागच्या सगळ्या सीट काढायच्या, तिथे प्लायवुडचा पलंग करायचा, पलंगाखाली खण, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी आणि टपावर मोठा कॅरिअर, असा बेत ठरला. रस्त्यात मुक्काम गाडीतच.

माझी एकच अट होती. वजन मी बघणार.

मी नोकरीभर वजनमापं तपासली. काट्याखाली चुंबक लावणारे, परातीच्या बुडाला मेण चिकटवणारे, सगळे पाहिले. काटा खोटं बोलत नाही, त्याला माणसं बोलायला लावतात, एवढं मी त्या नोकरीत शिकले. शिवाय जुन्या गाडीला नटवणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, नाकापेक्षा मोती जड. ह्याला कॅरिअर हवा, त्याला टाकी हवी, आणि मग उतारावर ब्रेक सुटला की सगळेच भूगोलात जमा होतात. म्हणून मी चाकांखाली ठेवायचे चार सपाट काटे आणले. त्यांचे आकडे हातातल्या एका डबीवर दिसतात. आणले त्या दिवशीच जुन्या पितळी वजनांनी तपासून घेतले. बरोबर होते.

पद्धत सोपी होती. गाडी काट्यांवर उभी करायची आणि शून्याचं बटण दाबायचं. म्हणजे गाडीचं जे काही वजन आहे ते शून्य धरलं. मग सीट काढली की उणे आकडा, पलंग बसवला की अधिक. एक बदल पुरा झाला की पुन्हा शून्य करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. बटण दाबण्याआधी आत कोणी नाही हे बघायचं, एवढं पथ्य. कारण जे आत असतं, ते त्या क्षणापासून हिशोबातून जातं.

पलंग बसवला त्या दुपारी मी हाक मारली, "अहो, आत आहात का?" उत्तर आलं नाही. ह्यांच्या चपला मागच्या दाराशी होत्या, पण हे अनवाणी घरात जातात हे मला माहीत आहे. खिडक्यांना नवे पडदे लावले होते, ते ओढलेले होते. मी बटण दाबलं. चार शून्यं आली.

थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि हे जांभई देत उतरले. "पलंग फर्मास झालाय," म्हणाले. "मला केव्हा झोप लागली कळलंच नाही."

मी वैतागले. आता डबीवर ह्यांच्या वजनाचा उणे आकडा दिसणार आणि सगळं पुन्हा करावं लागणार. डबीकडे पाहिलं. चार शून्यं.

"परत चढा बघू," मी म्हणाले. हे चढले. शून्यं. उतरले. शून्यं.

काटे बिघडले म्हणून मी पितळी वजनं आणून गाडीत ठेवली. त्यांचा आकडा बरोबर आला, ग्रॅमचाही फरक नाही. मग स्वतः चढले. माझे एकोणसाठ किलो इमानदारीने दिसले.

"माझ्याकडे काट्याचं लक्ष नाही," हे हसत म्हणाले. "तुझ्यासारखंच आहे त्याचं."

मीही हसले. डबीच्या बॅटऱ्या बदलल्या आणि विषय सोडून दिला. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं मी मानत नाही, ते नंतर सापडतं.

दुसऱ्या सकाळी मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. मागून आवाज आला, "चाकू कुठून आणलास गं हा? चांगला दिसतोय." मी अशी दचकले की बोट कापलं. हे माझ्या खांद्याशी उभे होते.

"फरशी बसवलीत वाटतं," मी म्हणाले.

"कुठली फरशी?"

मी जाऊन पाय ठेवला. टक्. ह्यांना म्हटलं, आता तुम्ही. हे त्याच फरशीवर उभे राहिले. सरकले. मग लहान मुलासारखी उडी मारून पाहिली. फरशी गप्प राहिली.

त्यानंतर मी बघायला लागले. एकदा बघायला लागल्यावर काही सुटत नाही, नोकरीची सवय. हे खुर्चीतून उठले की उशीला खळगा नसायचा. प्लायवुडच्या भुशावरून चालून गेले तर भुसा जसाच्या तसा. जेवण नेहमीसारखं, अंगाने नेहमीसारखे, शर्टही त्याच मापाचे. हात धरला तर ऊब तीच, शिरा त्याच. फक्त तो हात माझ्या हातावर टेकल्याचं जाणवायचं नाही.

हे मात्र मजेत होते. "गुडघे दुखायचे थांबले बघ. पलंगाचा गुण आहे." आम्हा दोघांच्याही गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. आता हे शिडी दोन-दोन पायऱ्या गाळून चढत होते आणि खाली मी एका हाताने शिडी, दुसऱ्याने गुडघा धरून उभी असायची.

कॅरिअर करायला वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण डोळ्यांवर काच न घेता काम करतो आणि ओरडा खातो. तो टपावर चढला तसं धूड खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर कुरकुरलं, एका अंगाला झुकलं. मग हे चढले. ठिणगीने हातातलं काम थांबवलं.

"काकू," तो नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाटे नवे टाकलेत का?"

"नाही. का रे?"

तो टपाकडे बघत राहिला. "काही नाही. उरलेलं काम मी कारखान्यात करून आणतो. इथे नको." पुढे त्याने कॅरिअर आणून बसवला, पण काम होईपर्यंत ह्यांच्या शेजारी उभा राहिला नाही.

मी काट्यांपाशी गेले. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त होणार, असा माझा साधा विचार. गाडी काट्यांवरून उतरवली, रिकाम्या काट्यांवर शून्य केलं, ह्यांना गाडी पुन्हा वर चढवायला लावली. गाडीचं पूर्ण वजन डबीवर आलं. "आता उतरा," मी म्हणाले. हे उतरले आणि माझ्या शेजारी येऊन डबीत डोकावले. आकडा हलला नव्हता.

"त्या दिवशी मी आत होतो तेव्हा तू बटण दाबलंस, होय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला असावा. शर्टाची बाही दिसली म्हणून कळलं.

"बघू," ते म्हणाले. "दुखत तर नाहीये काही."

मग ती वाऱ्याची दुपार आली. कॅरिअरवर ताडपत्री बांधून बघायची होती. हे टपावर, मी शिडीवर. ह्यांनी ताडपत्रीचं एक टोक मुठीत धरलं होतं, दुसरं मोकळं होतं. वारा आला. ताडपत्री पोट फुगवून उठली आणि हे तिच्याबरोबर उठले.

पाय टपावरून सुटलेले मी पाहिले. वीतभर. मग हातभर.

मी घोटा पकडला. सगळा जीव एकवटून ओढलं. पण जोर लागलाच नाही. दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाऱ्यात धरावा, तेवढंच.

हे आधी हसत होते. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हसू थांबवलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या जाकिटाच्या खिशात पितळी वजनं घातली. "जमिनीवर राहायला आता तुझी परवानगी लागते," ते म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण खिडक्या मी लावायला लागले तेव्हा एक त्यांनीच लावून घेतली. नकाशा टेबलावर तसाच होता. बोटाने पुन्हा पुन्हा गिरवून त्या डोंगररांगेवरचा रंग उडाला होता.

"नको जायला," मी एकदा म्हणाले.

"घरात कपाटात ठेवणार आहेस का मला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अगं, मी एकटा जात नाहीये. तू आहेस ना धरायला."

तेच तर. मी होते धरायला. खिंडीत वारा कसा असतो हे त्यांनीच मला शिकवलं होतं. एक दिवस माझा हात घामेजला असेल, किंवा मी पाणी भरायला वाकलेली असेन, आणि वर बघेन तेव्हा उशीर झालेला असेल. मग मी माझ्या एकोणसाठ किलोंसकट त्या पठारावर उभी राहीन. ह्यांना काही होण्याची भीती मला होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती मागे राहण्याची होती. इतकी वर्षं कधी बोलून दाखवलं नाही, पण हा माणूस नसलेल्या घरात मला एक दिवसही काढायचा नाही.

निघण्याचा दिवस ठरला. निरोप द्यायला मुलगी येणार होती.

ती येण्याच्या आदल्या दुपारी हे पलंगावर झोपले होते. जाकीट काढून खणावर ठेवलेलं, खिशांतली वजनं बाहेर डोकावत होती. मागचं दार मी लावून घेतलं होतं. धूड काट्यांवर उभं होतं, डबीवर चार शून्यं.

मी खिडकीतून बघितलं. छातीवरचं पांघरूण श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. नाहीतर तिथे कोणी आहे असं वाटलं नसतं.

डबी घेतली. चढले. धूड माझ्यासाठी नेहमीसारखं कुरकुरलं, मागे झुकलं.

त्यांच्या शेजारी आडवी झाले. गादी माझ्या बाजूला दबली.

डबीवर आकडा आला. एकोणसाठ. मी तो बराच वेळ पाहिला. हयातभर लोकांची वजनं पडताळली, स्वतःच्या आकड्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"झोपली नाहीस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"झोपते आता," मी म्हणाले.

बटण दाबलं.

उठून खाली उतरले तेव्हा गुडघ्याने कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. दोन्ही हातांत पिशव्या, बाटल्या, आमच्यासाठी विकत घेतलेल्या दोन जाड रजया. ती घाईतच स्वयंपाकघरात शिरली. टक्.

"बाबा, ही फरशी अजून तशीच?"

"रविवारी बसवतो," हे म्हणाले.

ती हसली. पिशव्या ओट्यावर ठेवून पाठमोरीच सामान काढू लागली. आम्ही दोघं तिच्या मागोमाग आत गेलो. मी तिच्या उजव्या खांद्याशी, हे डाव्या.

तिने बाटल्या एका रांगेत मांडल्या, रजयांच्या पिशवीची गाठ सोडली आणि मान न वळवता जरा थांबली, कान देऊन.

"या ना आत," ती म्हणाली. "दाराबाहेर काय उभे राहिलात दोघं?"